लिहिलेलं टिकलं तर? ब्लॉगपासून व्हिडिओपर्यंत, शब्दाच्या ताकदीबद्दल

दौत (धागाकर्ती)

परवा कपाट आवरताना पाच कागदांची चळत हाती लागली. टाचणी गंजलेली, पहिल्या पानाच्या कोपऱ्यावर तिचा तपकिरी डाग, खाली २००९ मधली तारीख. माझ्या तेव्हाच्या ब्लॉगवरच्या एका लेखाखाली आलेले ४३ प्रतिसाद. ब्लॉग आता नाही, लेखही नाही. हे पाच कागद तेवढे उरलेत.

एका शिक्षणसंस्थेने प्रवेशाच्या वेळी माझी मूळ कागदपत्रं ठेवून घेतली होती. घरच्या अडचणीमुळे मला अभ्यासक्रम अर्ध्यात सोडावा लागला, तर म्हणाले, उरलेल्या वर्षांची सगळी फी भरा, मगच कागद मिळतील. अकरा महिने हेलपाटे घातले. खिडकीवरचा माणूस कधी आवाज चढवायचा नाही. दरवेळी शांतपणे एकच वाक्य म्हणायचा, "अशी तक्रार घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्याच." या वाक्याने माणूस आतून खचतो. आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं वाटायला लागतं.

शेवटी एका रात्री सगळं लिहून काढलं आणि ब्लॉगवर टाकलं. माझं लिखाण वाचणारे तेव्हा वीस-पंचवीस जण. पंधरा दिवसांनी एका अनोळखी मुलाचा प्रतिसाद आला, "मलाही हेच सांगितलं होतं, की मी पहिलाच." तो वाचून मी कितीतरी वेळ स्क्रीनकडे बघत बसले होते. मग एकेक जण येत गेला. कुणी संस्थेचं नाव शोधून, कुणी मैत्रिणीने दुवा पाठवला म्हणून. प्रत्येकाने वर्ष लिहिलं, अभ्यासक्रम लिहिला, किती खेपा घातल्या ते लिहिलं. आम्ही १९ जणांनी मिळून तक्रार केली आणि सुनावणीला मी हे पाच कागद छापून नेले. तोवर संस्थेने एकेकाला गुपचूप बोलावून कागदपत्रं द्यायला सुरुवातही केली होती. माझीही मिळाली.

त्यानंतर महिन्याभरात लेख नाहीसा झाला. संस्थेच्या वकिलाने ब्लॉगसेवा चालवणाऱ्या कंपनीला नोटीस धाडली आणि कंपनीने मला न विचारता लेख उतरवला. पुढे ती सेवाच बंद पडली.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात आहे. या माध्यमाच्या ताकदी दोन. एक म्हणजे, एकट्या पडलेल्या माणसाला आपण एकटे नाही हे कळणं. दुसरी, झालेल्या गोष्टीची नोंद राहणं, म्हणजे पाच वर्षांनी येणाऱ्यालाही ती सापडणं. मला वाटतं, पहिली ताकद गेल्या पंधरा वर्षांत कैक पटींनी वाढली आणि दुसरी आपल्या हातून निसटून दुसऱ्याच कुणाच्या मालकीची झाली. तुमचे अनुभव आणि मतं वाचायला आवडतील. विरोधी असतील तर जास्तच.

---

काठावर

ताई, मी बरीच वर्षं छापील पत्रकारितेत काढली. तुमच्या "नोंद राहणं" या मुद्द्यावर आतल्या बाजूने सांगतो.

आमच्याकडे बातमीला वय असतं. आज आली नाही तर उद्या ती शिळी, आणि शिळी बातमी डेस्कवर कुणी हातात घेत नाही. ब्लॉगवाल्यांना हा नियम माहीत नव्हता, आणि तेच त्यांचं बळ ठरलं. अमेरिकेतलं ट्रेंट लॉट प्रकरण घ्या. ५ डिसेंबर २००२ ला सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांच्या शंभराव्या वाढदिवसाचा समारंभ होता. हे थर्मंड १९४८ मध्ये वर्णभेद टिकवण्याच्या जाहीरनाम्यावर राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले होते. सिनेटमधले रिपब्लिकन नेते लॉट भाषणात म्हणाले की आमच्या राज्याने तेव्हा त्यांनाच मत दिलं होतं, आणि बाकीच्या देशाने तसंच केलं असतं तर पुढच्या या सगळ्या अडचणी आल्या नसत्या. सभागृहात पत्रकार होते, टीव्हीवर थेट प्रक्षेपण होतं. तरीही बहुतेक वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी काही नाही.

जोश मार्शलसारखे ब्लॉगर मात्र ते वाक्य सोडायला तयार झाले नाहीत. १९४८ चा जाहीरनामा काय होता ते त्यांनी वाचकांपुढे ठेवलं, लॉट यांची जुनी वक्तव्यं शेजारी मांडली. उजव्या विचारांच्या ब्लॉगवरूनही टीका झाली. चार-पाच दिवसांनी मोठ्या वर्तमानपत्रांना विषय घ्यावाच लागला. २० डिसेंबरला लॉट यांनी नेतेपद सोडलं.

बातमी त्या खोलीत सगळ्यांनीच ऐकली होती. तिच्या मागे लागून राहायला कुणी नव्हतं. ते काम ब्लॉगने केलं.

---

अनुस्वार

काठावर यांना अनुमोदन. आणखी एक बाजू जोडते, वाचकांच्या जाणकारीची.

सप्टेंबर २००४. अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीने राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या नॅशनल गार्डमधल्या (राखीव सैन्यदलातल्या) नोकरीबद्दल काही कागद दाखवले, १९७२-७३ सालचे म्हणून. काही तासांतच एका चर्चामंचावर कुणीतरी लिहिलं की यातल्या अक्षरांमधलं अंतर त्या काळच्या टंकयंत्राचं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी एका ब्लॉगरने तोच मजकूर आजच्या वर्डमध्ये, काहीही न बदलता, टाइम्स न्यू रोमनमध्ये टाइप केला आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींवर ठेवून लुकलुकणारं चित्र बनवलं. ओळी जिथे तुटत होत्या तिथेच तुटत होत्या. १२ दिवसांनी वाहिनीने मान्य केलं की कागदांचा खरेपणा आपल्याला सिद्ध करता येत नाही.

टंकयंत्रं दुरुस्त केलेले, छपाईत काम केलेले, लष्करी कार्यालयांत पत्रं टाइप केलेले लोक वाचकांत होते. एका संपादकीय कक्षात इतक्या तऱ्हेची माणसं कधीच एकत्र नसतात. मला ही ताकद लेखकाच्या ताकदीपेक्षा मोठी वाटते. ती लेखाखालच्या प्रतिसादांत राहते आणि दौत यांच्याही गोष्टीत ती तिथेच होती.

---

झरोका

तुमच्या सगळ्यांच्या तळमळीचा आदर ठेवून असहमत.

सत्ता रस्त्यावर हलते, कळफलकावर नाही. इजिप्तमधल्या २०११ च्या उठावाचं उदाहरण नेहमी "फेसबुक क्रांती" म्हणून दिलं जातं. महल्ला अल कुब्रा इथल्या कापडगिरणी कामगारांनी डिसेंबर २००६ पासून संप केले होते, ते या गोष्टीत कुठेच येत नाहीत. ६ एप्रिल २००८ चा संप त्यांनी ठरवला. त्याला पाठिंबा म्हणून तरुणांनी फेसबुकवर गट काढला, म्हणून "६ एप्रिल" हे नाव जगाला कळलं. संघटना गिरणीतली, प्रसिद्धी पडद्यावरची.

जानेवारी २०११ मध्ये तर सरकारने सगळं इंटरनेटच तोडलं, जवळपास पाच दिवस. त्या पाच दिवसांत गर्दी वाढली. ज्यांच्या पानावरून २५ जानेवारीच्या निदर्शनांची हाक गेली ते वाएल घोनिम यांनीच पुढे जाहीरपणे मान्य केलं की समाज मुक्त करायला इंटरनेट पुरेसं आहे हे आपलं म्हणणं चुकीचं होतं. माणसं जमवणारं माध्यम पुढे त्याच माणसांना एकमेकांपासून तोडायलाही कामी आलं, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

लाइक, शेअर आणि संतापाचे दोन दिवस यांतून आपण काहीतरी केलं असं समाधान मिळतं आणि करायचं ते राहूनच जातं. मला याची फार काळजी वाटते.

---

दौत

झरोका, कामगारांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण इजिप्तमध्ये ब्लॉगचं काम २०११ च्या बरंच आधी सुरू झालं होतं, आणि ते गर्दी जमवण्याचं काम नव्हतं.

नोव्हेंबर २००६ मध्ये वाएल अब्बास आणि इतर काही ब्लॉगरांनी पोलीस ठाण्यात एका मिनीबसचालकाच्या छळाचा व्हिडिओ लोकांसमोर आणला. पोलिसांनीच तो काढला होता, त्या माणसाची त्याच्या सोबत्यांसमोर बेअब्रू करायला म्हणून. ठाण्यांत काय चालतं हे लोकांना ठाऊक होतं, पण बोलायची सोय नव्हती. वर्षभराने दोन पोलिसांना तीन वर्षांची शिक्षा झाली. तिथे अशी शिक्षा होणं फार दुर्मीळ होतं.

आता माझ्या दुसऱ्या मुद्द्याकडे या. ज्या महिन्यात ही शिक्षा झाली त्याच महिन्यात यूट्यूबने वाएल अब्बास यांचं खातं बंद केलं. दृश्यं फार हिंसक आहेत, हे कारण. जगभरातून ओरड झाल्यावर ते परत सुरू केलं. पुढे नोव्हेंबर २०१० मध्ये तिथल्या संसदेच्या निवडणुकीच्या तोंडावर पोलिसांच्या मारहाणीत गेलेल्या एका तरुणाच्या नावाचं "आम्ही सगळे खालिद सईद" हे पान फेसबुकने उतरवलं, कारण चालवणाऱ्याने खरं नाव दिलं नव्हतं. ते खरं नाव वाएल घोनिम होतं, आणि ते दिलं असतं तर ते तुरुंगात गेले असते. पुढे गेलेही. पान परत आलं ते परदेशातल्या एका बाईंनी स्वतःच्या नावाने जबाबदारी घेतल्यावर.

म्हणजे हुकूमशहाने तोडायच्या आधीच, दूर बसलेल्या कंपन्यांनी नियमावर बोट ठेवून दोनदा दार लावलं होतं. वाईट हेतू नसेलही. पण किल्ली त्यांच्याकडे होती.

---

तांबडफुटी

मी व्हिडिओ करते, लेख लिहीत नाही. इथे सगळे ब्लॉगच्या काळाबद्दल हळवे झालेत म्हणून दुसरी बाजू.

ब्लॉग लिहायला भाषा लागते, बैठक लागते, वेळ लागतो. म्हणजे शिकलेल्यांचं माध्यम. मोबाइल धरायला यातलं काही लागत नाही. २५ मे २०२० ला अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये एका पोलिसाने मानेवर गुडघा दाबून धरल्याने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा मृत्यू झाला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात म्हटलं होतं की कारवाईदरम्यान "वैद्यकीय घटना" घडून एका माणसाचा मृत्यू झाला. तेवढंच राहिलं असतं. पण १७ वर्षांची एक मुलगी फुटपाथवर उभी राहून चित्रण करत होती. ती पळाली नाही, चित्रण करत उभी राहिली. पुढे त्या पोलिसाला खुनासाठी शिक्षा झाली आणि २०२१ मध्ये पुलित्झर मंडळाने त्या मुलीला विशेष गौरव दिला.

त्या मुलीने कधी ब्लॉग लिहिला असता का, मला माहीत नाही. तिने केलं ते मोठमोठ्या लेखकांनाही जमलं नसतं.

आणि झरोका काका, रस्ता आणि पडदा आता वेगळे राहिलेले नाहीत. नेपाळ बघा. ४ सप्टेंबर २०२५ ला सरकारने २६ समाजमाध्यमं बंद केली. ८ तारखेला मुलं रस्त्यावर आली, गोळीबार झाला, त्या एका दिवसात १९ जीव गेले. त्याच रात्री बंदी उठली, दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी राजीनामा दिला. मग हंगामी नेता कोण असावा याची चर्चा हजारो मुलांनी डिस्कॉर्डवर केली. गेम खेळताना गप्पा मारायचं ते ठिकाण! १२ तारखेला सुशीला कार्की यांनी शपथ घेतली.

---

झरोका

@तांबडफुटी, चित्रणाबद्दलचं तुझं म्हणणं मान्य, त्या मुलीसमोर हात जोडावेत असंच ते आहे. नेपाळबाबत मात्र सावकाश. १९ मुलं गेली आणि पाठोपाठ संसदेची इमारत जळाली, हेही त्याच चार दिवसांतलं. एवढ्या वेगाने पाडता येतं. एवढ्याच वेगाने उभं करता येतं का, हे मला अजून दिसलेलं नाही.

---

चौथा_मजला

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. मी काही काळ समाजमाध्यमांवरच्या तक्रारी तपासण्याचं काम केलं आहे. करारामुळे कंपनीबद्दल बोलणार नाही, कामाबद्दल बोलतो.

तुमच्यापर्यंत येणारी पोस्ट एक असते, आमच्यासमोरून दिवसाला शेकडो जायच्या. एकेका पोस्टला काही सेकंद. भाषा कळणारा माणूस शेजारी असला तर ठीक, नसला तर यंत्राने केलेलं भाषांतर. उपरोध, शिवी, धमकी, म्हण हे भाषांतरात एकसारखंच दिसायला लागतं. मी चुका केल्या आहेत. काही आठवल्या की अजून झोप उडते.

म्हणून म्यानमारबद्दल वाचताना माझ्या अंगावर काटा आला. तिथे लोकांसाठी फेसबुक म्हणजेच इंटरनेट होतं. रोहिंग्यांविरुद्ध विष ओतलं जात होतं आणि २०१५ च्या सुरुवातीला त्या कंपनीकडे बर्मी भाषेतल्या तक्रारी तपासणारी माणसं होती दोन. त्यात तिथला बहुतेक मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात) नव्हता, झॉजी नावाच्या वेगळ्याच टंकात (फॉन्टमध्ये) होता. त्यामुळे यंत्राला अक्षरंसुद्धा नीट वाचता येत नव्हती. २०१७ मध्ये सात लाखांहून जास्त माणसं जीव मुठीत धरून बांगलादेशात पळाली. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तपासपथकाने द्वेष पसरवण्यातल्या फेसबुकच्या वाट्यावर बोट ठेवलं, आणि आपण पुरेसं काही केलं नाही हे कंपनीनेही त्या वर्षअखेर मान्य केलं.

दौत ताई, तुम्ही म्हणता "आपण एकटे नाही हे कळणं" ही ताकद. द्वेष करणाऱ्यालाही तेच कळतं. पूर्वी तो चारचौघांत बोलताना जरा दबकून असायचा. आता त्याच्या एका वाक्याला हजार जण हो म्हणतात.

---

अनुस्वार

@चौथा_मजला, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सोपं गेलं नसणार.

टंकाचा मुद्दा आपल्या अगदी जवळचा आहे. देवनागरीतही एक काळ असा होता की प्रत्येक संकेतस्थळाचा टंक वेगळा. तो उतरवून घेतला नाही तर पानावर नुसते चौकोन. शोधयंत्राला त्यातलं काहीच दिसत नसे. तेव्हा लिहिलेलं कितीतरी मराठी आज कुणालाही सापडत नाही. युनिकोड रुळलं म्हणून दौत यांचा लेख त्या अनोळखी मुलाला सापडू शकला. अक्षर शोधता येणं ही फार साधी गोष्ट वाटते, पण तुमच्या त्या १९ जणांची गाठ तिनेच घालून दिली.

---

बोरू

मी वकिली करतो. दौत, तुमचा लेख का उतरला ते भारतापुरतं सांगतो.

मजकूर ज्यांच्या सेवेवर असतो त्या कंपन्यांना कायद्यात "मध्यस्थ" म्हणतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ त्यांना संरक्षण देतं, पण बेकायदा मजकुराची माहिती मिळाल्यावर त्यांनी तो काढला पाहिजे या अटीवर. माहिती मिळणं म्हणजे काय? तुमच्या वेळी हे धूसर होतं. २०११ च्या नियमांनी ३६ तासांत पावलं उचलायची अट घातली. मग कोणीही नोटीस पाठवली की कंपनी मजकूर उतरवून मोकळी. खरं-खोटं तपासायला लागणारा खर्च आणि धोका तिने का घ्यावा?

२४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात याचा अर्थ नेमका केला. माहिती मिळणं म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना. नुसतं वकिलाचं पत्र पुरेसं नाही. त्याच निकालाने ऑनलाइन "आक्षेपार्ह" लिहिणं गुन्हा ठरवणारं कलम ६६अ रद्द झालं. ते प्रकरण उभं राहिलं त्यामागे २०१२ मधली दोन तरुणींची अटक होती. एकीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या होत्या, दुसरीने त्या लाइक केल्या होत्या.

निकालानंतर सगळं सुरळीत झालं असं समजू नका. रद्द झालेल्या ६६अ खाली पुढची कित्येक वर्षं गुन्हे नोंदवले जात होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. ठाण्यात बसलेल्याच्या हातातलं जुनं पुस्तक बदलायला फार वेळ लागतो.

---

नुसती_वाचक

मी सहसा लिहीत नाही. पण टोपणनावाने लिहिणाऱ्यांना भित्रे म्हणतात तेव्हा वाईट वाटतं, ते सांगायचं होतं. बांगलादेशात ५ फेब्रुवारी २०१३ ला ढाक्यातल्या शाहबाग चौकात जमायची हाक बंगाली ब्लॉगरांनीच दिली होती, १९७१ च्या युद्धगुन्हेगारांना कडक शिक्षा व्हावी म्हणून. दहाच दिवसांनी त्यांच्यातल्या राजीब हैदर यांचा खून झाला. ते टोपणनावाने लिहायचे. २०१५ मध्ये अभिजित रॉय, वशिकुर रहमान, अनंत बिजॉय दास, निलॉय नील. फेब्रुवारी ते ऑगस्ट या सहा महिन्यांत चौघे. सगळे लिहिणारे. एवढंच.

---

काठावर

@नुसती_वाचक, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

त्याच ओळीत दाफ्ने कारुआना गलित्सिया यांच्याबद्दल लिहायचं टाळता येत नाही. एकट्या ब्लॉगची राजकीय ताकद किती असू शकते, याचं यापेक्षा ठळक उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

माल्टा, भूमध्य समुद्रातलं चिमुकलं बेट. दाफ्ने आधी वर्तमानपत्रांत लिहायच्या. २००८ मध्ये त्यांनी स्वतःचा ब्लॉग सुरू केला. गाजलेल्या दिवशी त्याची वाचनं देशातल्या सगळ्या वर्तमानपत्रांच्या एकत्रित खपापेक्षा जास्त व्हायची. २०१६ मध्ये पनामा पेपर्स, म्हणजे छुप्या परदेशी कंपन्यांची फुटलेली कागदपत्रं, जगासमोर आले ते एप्रिलमध्ये. एक मंत्री आणि पंतप्रधानांचे मुख्य सहायक यांच्या पनामातल्या कंपन्यांबद्दल त्यांनी फेब्रुवारीतच लिहिलं होतं. पुढच्या वर्षी "१७ ब्लॅक" नावाच्या दुबईतल्या कंपनीचा उल्लेख केला. ती कुणाची, ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांच्यावर अब्रुनुकसानीचे चाळीसहून अधिक दावे होते. एका मंत्र्याच्या अर्जावरून त्यांची बँक खाती गोठवली गेली. घराला आग लावायचा प्रयत्न झाला, कुत्रे मारले गेले. १६ ऑक्टोबर २०१७ ला दुपारी त्यांनी लेख टाकला, शेवटच्या ओळींत म्हटलं की जिकडे बघावं तिकडे बदमाश आहेत आणि परिस्थिती फार हताश करणारी आहे. अर्ध्या तासाने त्या गाडीत बसल्या आणि गाडीत बाँब फुटला.

मारणाऱ्यांनी गृहीत धरलं असेल की माणूस गेलं म्हणजे विषय मिटला. १८ माध्यमसंस्थांचे ४५ पत्रकार एकत्र आले आणि त्यांनी तिचे अर्धवट राहिलेले धागे पुढे नेले. २०१८ मध्ये "१७ ब्लॅक"चा मालक कोण ते बाहेर आलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या उद्योगपतीला खुनाच्या प्रकरणात अटक झाली, लोक आठवडेच्या आठवडे रस्त्यावर उतरले आणि जानेवारी २०२० मध्ये पंतप्रधान पायउतार झाले. २०२१ मध्ये सार्वजनिक चौकशीने राज्यसंस्थेलाही जबाबदार धरलं. लिहिणाऱ्यांना दाव्यांखाली चिरडण्याविरुद्धचा युरोपीय संघाचा २०२४ चा कायदा बोलीभाषेत "दाफ्नेचा कायदा" म्हणूनच ओळखला जातो.

झरोका, इथे रस्ता होताच. पण रस्त्यावर आलेल्यांच्या हातात तिच्या लेखांतली वाक्यं होती. आणि तो ब्लॉग आजही जागेवर आहे. कुणीही जाऊन त्या दुपारची नोंद वाचू शकतं. तो तिच्या स्वतःच्या पत्त्यावर होता म्हणून.

---

झरोका

हे मी इतकं सलग कधी वाचलं नव्हतं. कळफलकावर सत्ता हलत नाही हे माझं वाक्य मी मागे घेतो. ज्याच्या मागे कुणीतरी उभं राहतं ते लिखाण सत्तेला हलवतं, असं म्हणतो.

---

पुनश्च

मी अभिलेखागारात काम करते, म्हणून जपणुकीबद्दल.

ऑगस्ट २०१७ मध्ये दोन गोष्टी घडल्या. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातल्या महमूद अल वरफली या कमांडरविरुद्ध अटक वॉरंट काढलं. आधार होता समाजमाध्यमांवर फिरलेल्या व्हिडिओंचा. आणि त्याच सुमारास यूट्यूबच्या नव्या स्वयंचलित यंत्रणेने सीरियातल्या युद्धाचे हजारो व्हिडिओ दहशतवादी मजकूर समजून काढून टाकले. त्यांत अत्याचारांचे पुरावे होते. काही परत मिळाले, आणि काहींच्या प्रती सीरियन कार्यकर्त्यांनी आपल्याकडे ठेवल्या होत्या. पुरावा एकाच जागी असला की तो पुरावा राहीलच असं नाही.

म्हणून विनंती. महत्त्वाचं काही लिहिलंत, पाहिलंत, तर त्याची एक प्रत स्वतःच्या संगणकावर ठेवा, तारीख आणि मूळ पत्त्यासह. मजकूर सार्वजनिक असेल तर पान वेबॅक मशीनमध्ये (संकेतस्थळांची जुनी पानं जपणाऱ्या सेवेत) जतन करा, दोन मिनिटांचं काम आहे. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, त्यात पत्ता आणि वेळ सहसा कापली जाते. आणि जमेल त्यांनी स्वतःचं डोमेन घ्या, म्हणजे सेवा बदलली तरी पत्ता तोच राहतो. चित्रण करणाऱ्यांनी मूळ फाइल सांभाळावी. संदेशातून पाठवलेली प्रत बहुधा दाबली जाते आणि तिच्यातली वेळ-जागेची नोंद निघून जाते.

दौत ताई, ते पाच कागद आधी टाचणी काढून सपाट ठेवा. गंज पसरतो.

---

तांबडफुटी

मूळ फाइलचं मला माहीतच नव्हतं. मी सगळं फोनवरून उडवत आले. आजपासून ठेवते.

एक राहिलं. ली वेनलियांग आठवतात? वुहानचे डोळ्यांचे डॉक्टर, ज्यांनी डिसेंबर २०१९ च्या शेवटी नव्या साथीबद्दल सहकाऱ्यांना सावध केलं आणि पोलिसांनी ज्यांच्याकडून समज लिहून घेतली. १ फेब्रुवारी २०२० ला त्यांनी वीबो या चिनी समाजमाध्यमावर लिहिलं की कोरोनाची चाचणी पॉझिटिव्ह आली. सहा दिवसांनी ते गेले. त्या शेवटच्या पोस्टखाली लोक नंतरही वर्षानुवर्षं लिहीत राहिले. परीक्षेत पास झाले ते सांगतात, नोकरी गेली ते सांगतात, नुसतं "शुभ रात्री, डॉक्टर" म्हणतात. जिथे उघडपणे फार थोडं बोलता येतं तिथे ती एक जागा लोकांनी आपली करून घेतली. दौत ताई, तुमच्या दोन्ही ताकदी मला तिथे एकत्र दिसतात. पण ती जागा त्यांच्या मालकीची नाही, हेही खरं.

---

बोरू

@दौत, तुमच्या कागदांवर प्रतिसाद देणाऱ्यांची खरी नावं असतील तर जसेच्या तसे कुठे चढवू नका. त्यांची परवानगी घ्या किंवा नावं झाका.

---

दौत

@पुनश्च, टाचणी काढली. पानांना भोक राहिलंय, अक्षरं शाबूत आहेत. आज सगळी स्कॅन केली, दोन प्रती ठेवल्या. @बोरू, नावं झाकते. बहुतेकांनी टोपणनावंच दिली होती, तरीही.

@चौथा_मजला, तुमचं म्हणणं दोन दिवस मनात आहे. द्वेषालाही सोबत मिळते, याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच जाणवलं की त्या ४३ जणांत मी रोज संध्याकाळी बसून प्रत्येकाला उत्तर दिलं होतं. एकाने खिडकीवरच्या माणसाला धडा शिकवू असं लिहिलं तेव्हा त्याला थांबवलं होतं. तो माणूस पगारासाठी ते वाक्य म्हणत होता. लाखांच्या गर्दीत हे कोण करणार?

@नुसती_वाचक, शेवटचा, ४३ वा प्रतिसाद तुमच्यासाठी टाइप करते. सुनावणीच्या आदल्या दिवशी आलेला आहे, नाव झाकून:

"आज कागदपत्रं मिळाली. देताना खिडकीवरच्यांनी विचारलं, तुम्ही पण त्या ब्लॉगवाल्यांपैकीच का. मी हो म्हणालो. खरं तर मी इथे आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं, रोज येऊन वाचत होतो. म्हणून आज लिहितोय."